दीर्घिकांचे खेळते भांडवल

मागील अंकात मी कृष्णविवरांविषयी लिहिले होते. त्यानंतर एका लग्नसमारंभात, पंगत उठून मंडळी निवांत बसली असताना, मार्केट यार्डातील एका ज्येष्ठ अडतदारांनी मला गाठले. चाळीस वर्षे भुसार मालाचा व्यवहार केलेला माणूस. प्रश्न विचारतो तोही तोलून-मापून. "साहेब, जवळ येईल ते कृष्णविवर गिळते, प्रकाशालाही सोडत नाही, असे तुम्ही लिहिता. आणि असे एक विवर आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी बसले आहे, हेही तुम्हीच लिहिता. मग इतक्या कोटी वर्षांत आकाशगंगा संपून कशी गेली नाही?"

"ते फार लांब आहे, काका," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. पण समाधान झाले नव्हते. कर्जाच्या अर्जात एखादा रकाना अर्धवट भरलेला दिसला की माझ्या चेहऱ्यावर जो भाव येत असे, तोच त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर होता. घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आले की माझे उत्तर चुकीचे नसले तरी निम्मेच होते. उरलेले निम्मे अधिक महत्त्वाचे आहे, आणि आकाशात दीर्घिकांचे इतके निरनिराळे प्रकार का दिसतात, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून हा लेख त्या काकांच्या नावे खर्ची टाकतो.

प्रथम दिलेल्या निम्म्या उत्तराचा हिशेब पुरा करू. गुरुत्वाकर्षण वस्तुमान आणि अंतर एवढेच जाणते. ओढणारी वस्तू तेजस्वी तारा आहे की काळे विवर, याची त्याला दखल नसते. उद्या सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले, तर अंधार होईल, सारे गोठून जाईल. पण पृथ्वी आपली वर्षाची फेरी जशीच्या तशी घालत राहील. त्या विवराची त्रिज्या असेल अवघी तीन किलोमीटर. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर धनू राशीच्या दिशेने, पृथ्वीपासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतके. आकडा मोठा वाटतो खरा. परंतु आकाशगंगेतील सर्व ताऱ्यांचे वस्तुमान पाच-सहा हजार कोटी सूर्यांइतके आहे. लाख रुपयांच्या थैलीत आठ रुपये, एवढाच त्या विवराचा वाटा. त्याच्या अगदी निकटचे तारे मात्र त्याच्याभोवती गरगर फिरतात. एक तारा तर सोळा वर्षांत फेरी पुरी करतो. अशा ताऱ्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवूनच राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी या विवराचे वजन काढले, आणि २०२० चे नोबेल पारितोषिक मिळवले. काही प्रकाशवर्षे ओलांडली की त्या विवराची थेट ओढ नगण्य होते. म्हणून आकाशगंगा शिल्लक आहे. हे झाले माझे "लांब आहे".

उरलेले निम्मे उत्तर असे, की कृष्णविवर हे खाणारे म्हणून अत्यंत गैरशिस्त आहे. त्याच्या पोटात जाते त्यापेक्षा पानाबाहेर सांडते ते अधिक परिणामकारक असते. ताटात उष्टे टाकू नये, ही आपल्या घरांतील शिकवण त्याला मुळीच ठाऊक नाही.

वायूचा ढग विवराकडे येतो तेव्हा तो सरळ आत पडत नाही. त्याला थोडी तरी फिरकी असतेच. आत सरकताना ती वाढते आणि वायू विवराभोवती चकतीच्या रूपाने घुमू लागतो. घर्षणाने ती चकती प्रचंड तापते आणि झळाळते. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते, तेव्हा शंभर किलो मालामागे केवळ सातशे ग्रॅमचे ऊर्जेत रूपांतर होते. कृष्णविवरात पडता पडता त्याच शंभर किलोंमागे साधारण दहा किलोंची ऊर्जा बाहेर पडते. विश्वात मोठ्या प्रमाणावर चालणारा याहून किफायतशीर ऊर्जेचा कारखाना आढळत नाही. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी '३सी २७३' या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचे अंतर काढले, ते दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून अधिक भरले. इतक्या लांबून दिसणारा हा क्वासार अख्ख्या दीर्घिकेतील ताऱ्यांहून तेजस्वी होता. ते तेज ताऱ्यांचे नव्हते. पोटभर जेवणाऱ्या कृष्णविवराच्या सांडलवंडीचे होते.

आता थोडा वेळ विवर बाजूला ठेवून गच्चीवर जाऊ. आपल्याकडे जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपलेली असतात, त्यामुळे आकाश पाहायला आपल्याइतका मोकळा वेळ क्वचितच कुणाला असेल! कार्तिकाच्या शेवटच्या काळोख्या रात्री, आठच्या सुमारास, डोक्यावरून थोडे उत्तरेला साध्या द्विनेत्री दुर्बिणीने एक लांबट, फिकट पुंजका दिसतो. शहराच्या दिव्यांपासून दूर असाल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षे लागतात. १९२३ मध्ये एडविन हबल यांनी तिच्यातील एका रूपविकारी ताऱ्यावरून दाखवून दिले, की हा पुंजका आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचे स्वतंत्र तारकाविश्व आहे. पुढे १९२६ मध्ये त्यांनी दीर्घिकांची वर्गवारी केली, आणि काही वर्षांनी ती नादकाट्याच्या आकृतीत मांडली. मुठीकडे लंबवर्तुळाकार दीर्घिका. दोन भुजांवर साध्या सर्पिल आणि मध्ये दांडा असलेल्या सर्पिल दीर्घिका. मुठीचा आणि भुजांचा सांधा जिथे, तिथे भिंगाकार. आणि कुठेच न बसणाऱ्या त्या अनियमित. आपली आकाशगंगा दांडा असलेल्या सर्पिलांत मोडते.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांना हबलच्या परिभाषेत 'पूर्वकालीन' आणि सर्पिलांना 'उत्तरकालीन' म्हणतात. प्रत्यक्षात वृद्ध, तांबूस ताऱ्यांनी भरलेल्या असतात त्या लंबवर्तुळाकार. निळे, तरुण तारे दिसतात ते सर्पिलांच्या भुजांत. नावे तरीही तशीच राहिली. शाखेचे स्थलांतर होऊन वीस वर्षे लोटली तरी लोक तिला जुन्या पेठेच्याच नावाने ओळखतात, त्यातला हा प्रकार.

हे आकार कशाने पडतात? मुख्यतः फिरकीने आणि टकरीने. वायूचा प्रचंड ढग आकुंचन पावताना आपली फिरकी सांभाळतो, म्हणून त्याची पसरट तबकडी होते. तिच्यात तारे जन्मले की सर्पिल दीर्घिका आकाराला येते. तिच्यातील तारे एकाच दिशेने, रांगेने फिरतात. दोन तबकड्या परस्परांत मिसळल्या तर ही शिस्त मोडते, आणि मोहोळ उठल्यासारखे तारे वाटेल त्या दिशेने फिरू लागतात. अशा मीलनातून लंबवर्तुळाकार दीर्घिका घडते. आलार आणि युरी तूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकाच्या साह्याने अशा भेटींचे चित्र काढून दाखवले, तेव्हा अनेकांना ते अतिरंजित वाटले होते. आज ती सर्वमान्य गोष्ट आहे. भिंगाकार दीर्घिकांची कथा बरीचशी 'तबकडी राहिली, वायू गेला' अशी आहे. तिच्यात आज शिरत नाही.

पण आकार समजला म्हणून सारे समजले असे होत नाही. मला खरे कोडे वाटते ते पुढचे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत. का? कच्चा माल संपला म्हणावे, तर तसे नाही. कर्जविभागात असताना मी एकदा एका गिरणीच्या तपासणीला गेलो होतो. गोदाम छतापर्यंत भरलेले, साठ्याचे पत्रक बिनचूक. पण मजुरीला पैसा नव्हता, कारण तो माल त्या हंगामात विकण्याजोगा नव्हता. मालमत्ता होती, खेळते भांडवल नव्हते. थोरल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांची अवस्था नेमकी अशी असते. तारा घडायचा तर वायू थंड हवा, अगदी उणे २५० अंश सेल्सियसच्याही खाली. तरच तो स्वतःच्या वजनाने आवळला जातो. या दीर्घिका ज्या गुच्छांच्या मध्यभागी असतात, तेथील वायू एक ते दहा कोटी अंश तापमानाचा असतो. त्याचे एकूण वस्तुमान गुच्छातील सर्व ताऱ्यांच्या कित्येक पट भरते. गोदाम भरलेले आहे. पण त्यातून एक ताराही घडत नाही.

आणि तापलेली वस्तू कालांतराने निवते, हा तर साधा नियम. गुच्छाच्या गाभ्यातला वायू क्ष-किरण फेकत ऊर्जा गमावत असतो. हिशेबाने तेथे दर वर्षी शेकडो सूर्यांइतका वायू निवून तारे व्हायला हवेत. तितके दिसत नाहीत. म्हणजे कुणीतरी खालून जाळ लावून ठेवला आहे.

तो जाळ कोण लावतो, याचा सुगावा कन्या राशीतील 'एम ८७' या विशाल लंबवर्तुळाकार दीर्घिकेत फार पूर्वीच लागला होता. तो ओळखता आला नव्हता इतकेच. १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी तिच्या केंद्रातून निघालेली एक चमत्कारिक सरळ रेघ नोंदवली. ती रेघ म्हणजे सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे लांबीचा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेला द्रव्याचा झोत आहे. १० एप्रिल २०१९ रोजी केशरी कड्याचे जे छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर झळकले, ते याच दीर्घिकेच्या केंद्राचे. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील त्या विवराचे वस्तुमान ६५० कोटी सूर्यांइतके आहे. सूर्यापासून प्लूटो जितका लांब, त्याच्या तिपटीहून मोठी त्याची त्रिज्या! तरीदेखील, एम ८७ च्या विस्तारापुढे ते टाचणीच्या टोकाइतकेही नाही.

इतकी सूक्ष्म वस्तू एवढ्या विस्तारावर काय अंमल चालवणार? २००० साली दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे एक मोजमाप प्रसिद्ध केले. दीर्घिकेच्या मध्यभागी जो फुगवटा असतो, त्यातील तारे ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाशी केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान चोख जुळते. तारे वेगवान, तर विवर मोठे. तारे संथ, तर विवर लहान. साधारणपणे फुगवट्याच्या वस्तुमानाच्या हजारात एक ते पाच भाग, असे ते प्रमाण पडते. आता हे तारे तर विवरापासून इतके दूर, की त्याची ओढ त्यांना जाणवतही नाही. मी इतकी वर्षे ताळेबंद तपासले. एकमेकांशी व्यवहार नसलेल्या दोन खात्यांतील आकडे वर्षानुवर्षे जुळत असतील, तर मध्ये एखादे तिसरे खाते दडलेले असते, हे मी शपथेवर सांगेन.

ते तिसरे खाते म्हणजे सांडलेली ऊर्जा. जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ मध्येच असा विचार मांडला होता. दोन दीर्घिका मिसळल्या की वायू केंद्राकडे लोटला जातो. विवर भरपेट खाते, क्वासार पेटतो. त्याचा वारा आणि प्रकाश वाढत वाढत इतका प्रखर होतो, की तो भोवतालचा वायूच उधळून लावतो. वायू गेला की ताऱ्यांचा जन्म थांबतो. आणि विवराचे स्वतःचे अन्नही तुटते. फुगवटा जितका भारी, तितका त्याचा वायू उधळायला कठीण, म्हणून तितके मोठे विवर व्हावे लागते. दोन्ही आकडे जुळण्याचे हे कारण. वाढता वाढता विवराने बाहेर टाकलेली एकूण ऊर्जा फुगवट्यातील सारे द्रव्य विखरून टाकायला लागेल त्याच्या कित्येक पट भरते. त्यातील अल्प अंश जरी वायूला लागला तरी काम होते.

पुढचा भाग राखणीचा. उधळलेला, तापलेला वायू पुन्हा निवू नये म्हणून विवर अधूनमधून झोत सोडत राहते. याचा सर्वांत सुंदर पुरावा ययाती तारकासमूहातील दीर्घिकागुच्छात मिळाला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ मध्ये अवकाशात सोडलेल्या 'चंद्रा' क्ष-किरण दुर्बिणीने तेथील तापलेल्या वायूत मोठमोठे पोकळ बुडबुडे आणि त्यांच्याभोवती पसरत जाणारी वलये टिपली. ती वलये म्हणजे अक्षरशः ध्वनीच्या लाटा. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा सूरही सांगितला: हार्मोनियमच्या मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तके खाली. एका लाटेमागून दुसरी लाट यायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. हा खर्ज त्या वायूला ऊब देत राहतो आणि गोदामाचे कुलूप उघडत नाही.

असाच एक पुरावा शोधण्यात आपल्या पुणे जिल्ह्याचाही हात आहे, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी जवळच्या खोडद गावी ४५ मीटर व्यासाच्या, जाळीच्या प्रचंड तबकड्या नक्कीच पाहिल्या असतील. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही तीस तबकड्यांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. भुजंगधारी तारकासमूहातील, ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका गुच्छात 'चंद्रा'ला वायूची एक विचित्र वक्र कड दिसली होती. २०१६ मध्ये तिची नोंद झाली, तेव्हा हा स्फोटाचा परिणाम असू शकेल का, याचा विचारही झाला. परंतु त्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी अवाढव्य निघाली, की ती कल्पना बाजूला ठेवण्यात आली. २०२० मध्ये जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे जोडून पाहिली, तेव्हा त्या कडेच्या पलीकडची पोकळी रेडिओ लहरींनी काठोकाठ भरलेली आढळली. कृष्णविवराने पूर्वी कधीतरी केलेला तो उद्रेकच होता. आपल्या पंधरा आकाशगंगा ओळीने मांडता येतील एवढी ती पोकळी आहे, आणि तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या उद्रेकाच्या पाचपट ऊर्जा तिच्यामागे आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला सर्वसामान्यांना प्रवेश असतो. मुलांना घेऊन अवश्य जावे.

माझ्या समजुतीप्रमाणे हिशेब असा मांडता येतो: दीर्घिकेचा आकार पडतो तो फिरकीने आणि मीलनांनी, तिची उलाढाल चालू राहणार की बंद पडणार, यात मात्र मध्यावरच्या कृष्णविवराचा शब्द मोठा असतो. अपवादही बोलका आहे. देवयानीच्या शेजारी, त्रिकोण तारकासमूहात 'एम ३३' ही सर्पिल दीर्घिका आहे. तिला फुगवटा जवळजवळ नाहीच. आणि कसून शोध घेऊनही तिच्या केंद्रात मोठे कृष्णविवर सापडलेले नाही. असलेच तर ते हजार-दीड हजार सूर्यांपेक्षा जड नसावे. तिच्यात ताऱ्यांचा जन्म आजही जोरात चालू आहे. उलट देवयानीचा फुगवटा चांगला ठसठशीत, तिचे विवर दहा कोटी सूर्यांहून जड, आणि तिची उलाढाल मंदावलेली. आपण या दोघींच्या मधले. आपले विवर सध्या जवळजवळ उपाशी आहे. मात्र २०१० मध्ये आकाशगंगेच्या तबकडीच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे पंचवीस हजार प्रकाशवर्षे उंचीचे गॅमा किरणांचे दोन फुगे आढळले. ते आपल्या विवराच्या जुन्या उद्रेकाचे अवशेष असावेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. काही जण त्याचे श्रेय ताऱ्यांच्या स्फोटांना देतात.

आधी दीर्घिका की आधी विवर, हा वाद मात्र पुन्हा पेटला आहे. दीर्घिका वाढली आणि तिच्या पोटात विवर वाढले, असे बराच काळ धरून चाललो होतो. २०२३ मध्ये 'चंद्रा' आणि जेम्स वेब या दोन दुर्बिणींनी मिळून 'यूएचझेड १' ही दीर्घिका पाहिली. विश्वाचे वय केवळ ४७ कोटी वर्षे असतानाची. तिच्यात विवराचे वस्तुमान जवळजवळ सर्व ताऱ्यांच्या बेरजेइतके निघाले! हजारात एक-दोन भाग कुठे, आणि ही बरोबरी कुठे! तेथे तरी विवर मागाहून आलेले दिसत नाही. काही विवरे ताऱ्यांच्या मृत्यूतून नव्हे, तर अवाढव्य वायुमेघ थेट कोसळून जन्मली असावीत, या मताला त्यामुळे बळ मिळाले आहे.

आपले पुढे काय, हे काकांना निश्चित विचारावेसे वाटेल. आकाशगंगेत सध्या वर्षाकाठी साधारण एक-दोन सूर्यांइतक्या वायूचे तारे होतात. देवयानी आपल्या दिशेने येत आहे. ती आपल्यात मिसळणार, असे काही वर्षांपूर्वीपर्यंत ठामपणे लिहिले जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबाप्रमाणे पुढील हजार कोटी वर्षांत ते घडण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. घडलेच, तर आपले विवर पुन्हा भरपेट जेवेल आणि पुढची गोष्ट एम ८७ च्या वाटेने जाईल.

हे सारे मी परवा काकांना दूरध्वनीवर सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे गोदाम भरलेले असून दुकान बंद, आणि कारण कोण, तर गादीवर बसलेला मालकच?"

"काही घरांत तसे आहे," मी म्हणालो, "आपल्या घरात अजून नाही."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ती पंचवीस लाख वर्षांची दीर्घिका मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे. कार्तिकात गच्ची माझी, दुर्बीण तुमची."